केसपेपरवरचे शब्द: मनाच्या आजारांची नावं समजून घेताना

जुलैत हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की चिपळुणात वाशिष्ठीकाठची माणसं रात्री उठून पाण्याकडे बघून येतात. २२ जुलै २०२१च्या पुराने लावलेली ही जाग आहे. त्यांच्याबद्दल बोलताना-लिहिताना ट्रॉमा, एन्झायटी, डिप्रेशन, पीटीएसडी हे शब्द एका दमात वापरले जातात, जणू चारही एकाच गोष्टीची नावं. दुसरीकडे कपाटातले कपडे रंगांप्रमाणे लावणारी कॉलेजातली मुलगी ‘मला ओसीडी आहे’ म्हणते. सकाळी चिडलेला आणि दुपारी निवळलेला मित्र ‘बायपोलर’ ठरतो. आणि त्याच गावात, चार घरं सोडून, एखादा पंचविशीतला मुलगा सहा-सहा महिने माजघराबाहेर येत नाही, एकटाच कुणाशी तरी बोलतो, भिंतीला कान लावून बसतो. त्याच्याबद्दल घरचे एवढंच सांगतात, ‘त्याला जरा बाहेरचं झालंय.’

लहान गोष्टीला मोठं नाव मिळतं आणि मोठा आजार आडपडद्यात राहतो. यात नुकसान होतं ते ज्याला खरोखर उपचार हवेत त्याचं. त्याचे महिने जातात, कधी वर्षं जातात. ती वाचावीत म्हणून हा लेख. केसपेपरवर नेहमी दिसणारे शब्द डॉक्टर कशासाठी वापरतात, एवढं इथे सांगायचं आहे. वाचून स्वतःचं किंवा शेजाऱ्याचं निदान मात्र करू नका.

ताप आणि तापाचं कारण

भातलावणीच्या दिवसांत कुणाला ताप भरला तर डॉक्टर ‘तापाचा आजार’ असं लिहून मोकळे होत नाहीत. तो लेप्टोचा असेल, डेंगीचा असेल. दोडामार्गाकडचा माणूस असेल तर २०१६पासून माकडतापाचीही शंका घेतात. ताप हे लक्षण आहे, आजार त्याच्यामागे असतो. आणि मे महिन्यात उन्हातून चालत आल्यावर अंग गरम लागतं, त्याला तर आपण तापही म्हणत नाही.

मनाचंही असंच तीन पायऱ्यांचं आहे. परीक्षेआधी पोटात गोळा येणं, भांडणानंतर दोन दिवस उदास असणं, या भावना आहेत. सगळ्यांना येतात आणि जातात. तीच उदासी किंवा भीती कारण सरलं तरी हटत नसेल, नाहीतर कारण नसतानाच येत असेल, तर ते लक्षण झालं. अशी काही ठरावीक लक्षणं एकत्र आली, ठरावीक काळ टिकली आणि त्यांनी झोप, जेवण, काम, नातीगोती यांची घडी विस्कटली, की मग डॉक्टर त्याला विकार म्हणतात. पुढे जे शब्द येतील त्या प्रत्येकाला हेच विचारायचं: किती दिवस, किती जोराने, आणि रोजच्या जगण्यातलं काय बंद पडलं?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मनोविकार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. पन्नास घरांच्या वाडीत किती माणसं होतील याचा हिशेब ज्याने त्याने करून बघावा.

नैराश्य: ‘कायच गोड लागना नाय’

डिप्रेशन किंवा नैराश्य हा शब्द केसपेपरवर येण्यासाठी साधारण दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असावं लागतं. नाहीतर ज्या गोष्टींत एरवी जीव रमायचा त्यांतलं मन उडालेलं असावं लागतं. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही. हालचाल मंदावते किंवा उगाच तगमग होते. आपण कुचकामी आहोत, सगळ्यांना भार आहोत असं वाटू लागतं, आणि काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. सगळं एकाच माणसात असेल असं नाही, पण यांतलं बरंच काही एकत्र असतं.

कोकणात हा आजार बहुतेक वेळा शरीराच्या भाषेत दवाखान्यात येतो. पित्त झालंय, डोकं जड आहे, अंग मोडून येतं, जेवण जात नाही. मालवणीत ‘कायच गोड लागना नाय’ म्हणतात, आणि इतकं नेमकं वर्णन पुस्तकातही सापडणार नाही. पण ते डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, पित्तच पोचतं. मग पित्ताच्या गोळ्या सुरू होतात, डॉक्टर बदलतात, एंडोस्कोपी होते. परसवातली भाजी वाळून गेली, एरवी पहाटे उठणारी बाई दिवस वर आला तरी पडून आहे, गणपतीला मुंबईहून माणसं आली तरी तिला त्याचं काही वाटलं नाही, या गोष्टी तपासणीच्या टेबलावर कुणी सांगत नाही. त्या सांगायला हव्यात. निदान त्यांच्यावरूनच होतं.

दुःख आणि नैराश्य यांत गल्लत होते. घरातलं माणूस गेल्यावर महिनोन्‌महिने रडू येणं हा आजार मानत नाहीत. दुःखात मन कमी-जास्त होतं, मध्येच एखाद्या आठवणीने हसूही येतं, आणि ओढ गेलेल्या माणसाची असते. नैराश्यात सगळा रोख स्वतःवर येतो: मीच वाईट, माझंच चुकलं, माझा उपयोग काय. दुःखातून नैराश्य सुरू होऊ शकतं, म्हणून ‘होईल हळूहळू ठीक’ म्हणताना माणूस जेवतोय का, झोपतोय का, इकडे डोळा ठेवावा.

बाळंतिणीचं वेगळं सांगायला हवं. पहिल्या दोनेक आठवड्यांत रडू येणं, हळवं होणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. ते ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटेना, किंवा बाळाचं काहीतरी वाईट करून टाकू अशी भीती वाटू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. बाळंतपणानंतरचं नैराश्य औषधाने बरं होतं. ‘नखरे करते’ म्हणून तिला बोल लावणं हे निव्वळ क्रौर्य आहे.

थायरॉइड कमी असणं, बी-१२ची कमतरता, रक्त कमी असणं यांतही माणूस असाच गळून जातो. म्हणून चांगला डॉक्टर आधी या तपासण्या करून घेतो.

मूड बदलणं म्हणजे बायपोलर का?

नैराश्याचं औषध देण्याआधी डॉक्टर एक प्रश्न हटकून विचारतात: याच्या अगदी उलट कधी झालं होतं का? आठवडाभर किंवा जास्त दिवस झोप दोन-तीन तासांवर आली तरी थकवा नाही, तोंडाची टकळी थांबत नाही, डोक्यात एकाच वेळी दहा बेत, पैसा हाताला लागेल तसा उधळला. कलमांची बाग गहाण टाकून समुद्रावर हॉटेल काढायला निघालेला माणूस घरच्यांना आधी धडाडीचा वाटतो, मग भीतिदायक. या अवस्थेला मेनिया म्हणतात. मेनियाचा काळ आणि नैराश्याचा काळ आलटून-पालटून येणाऱ्या आजाराला बायपोलर. मधल्या काळात माणूस पूर्ण ठीक असू शकतो. एका दिवसात तीनदा मूड बदलणं हे बायपोलर नव्हे, हे काळ आठवड्यांच्या नाहीतर महिन्यांच्या मापाचे असतात.

डॉक्टर वरचा प्रश्न विचारतात त्याचं कारण असं, की बायपोलरच्या रुग्णाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर तो मेनियात जाऊ शकतो. त्याला मूड स्थिर ठेवणारी औषधं लागतात. लिथियम हे त्यातलं जुनं आणि खात्रीचं औषध, पण त्याचं रक्तातलं प्रमाण वेळोवेळी तपासावं लागतं. उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब-उलट्या झाल्या किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी चालू झाली तर ते प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. एप्रिल-मेच्या उन्हात आंबा उतरवायला जाणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

छातीत धडधड, आणि ‘काही नाही झालंय’

होडीवर पंधरा वर्षं काढलेला तांडेल. एका रात्री, समुद्र शांत असताना, अचानक छाती धडधडायला लागते, श्वास पुरत नाही, हातपायांना मुंग्या येतात, घाम सुटतो आणि आता आपण मरणार याची खात्री वाटते. दहाएक मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग हळूहळू उतरतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात. पहिल्यांदा असं झालं तर हृदयविकार समजूनच धावपळ करावी. ईसीजी काढल्याशिवाय दोन्हींतला फरक घरी कुणालाही कळत नाही.

अडचण पुढे आहे. ईसीजी चांगला आला की दवाखान्यात सांगतात, ‘काही नाही झालंय, टेन्शन घेऊ नका.’ हे वाक्य मला फार घातक वाटतं. काहीतरी झालेलं असतं. धोका नसताना शरीराने धोक्याची पूर्ण तयारी केलेली असते, आणि माणसाने ती सोसलेली असते. ‘काही नाही’ ऐकून तो घरी जातो आणि पुढच्या अटॅकची वाट बघत बसतो. होडीवर जायचं टाळतो, मग एसटीने जायचं टाळतो, मग एकट्याने बाजारात जायचंही टाळतो. अटॅक एकदाच आला तर तो पॅनिक अटॅक. पुन्हा-पुन्हा येऊ लागला आणि त्याच्या धास्तीने माणसाचं जगणं आखडलं, तर तो पॅनिक डिसऑर्डर. त्यावर औषधं आहेत आणि सीबीटी आहे. सीबीटी म्हणजे ठरावीक बैठकांमध्ये विचार आणि वागणं यांवर काम करणारी, बोलण्यातून चालणारी उपचारपद्धत.

काहींना अटॅक येत नाहीत, पण चिंता महिनोन्‌महिने मानगुटीवर असते. मुलगा मुंबईला पोचला का, गॅस बंद केला का, कर्ज, दुखणं, एक संपलं की दुसरं. सहाएक महिने असं चाललं, अंग आखडून जातं, झोप लागत नाही, तर केसपेपरवर एन्झायटी डिसऑर्डर, म्हणजे चिंताविकार, असं येतं.

आता चिपळूणकडे. ट्रॉमा म्हणजे मनावर झालेला आघात. पूर, ३ जून २०२०चं निसर्ग वादळ, महाडजवळच्या तळियेत कोसळलेली दरड, यांत जो सापडला त्या प्रत्येकावर तो झाला. त्यातल्या बहुतेकांचं मन काळाने आणि माणसांच्या आधाराने सावरतं. काहींचं सावरत नाही. महिना उलटून गेला तरी तेच दृश्य डोळ्यांपुढे आणि स्वप्नांत येत राहतं, ती जागा, तो विषय टाळला जातो, पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की अंग ताठ होतं, दचकायला होतं, माणसांबद्दल काही वाटेनासं होतं. हे पीटीएसडी. नदीकाठी राहणाऱ्याने अतिवृष्टीत जागं राहणं यात आजार काही नाही, तो शहाणपणा आहे. पण जानेवारीच्या कोरड्या रात्रीही तो तसाच जागा राहत असेल, तर त्याला मदत हवी आहे.

सोवळं आणि ओसीडी

ओसीडीला मराठीत मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात पुन्हा-पुन्हा घुसतं, त्याने प्रचंड अस्वस्थ व्हायला होतं आणि ती अस्वस्थता घालवण्यासाठी माणूस एखादी कृती करत राहतो. हात धुणं, कडी बघणं, मोजणं, मनातल्या मनात देवाचं नाव ठरावीक वेळा घेणं. रोजचा तास-दोन तास किंवा जास्त वेळ यात जातो.

आपल्याकडे सोवळ्याओवळ्याची परंपरा असल्यामुळे हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. सोवळं पाळणारी आजी एकदा आंघोळ करते, सोवळं नेसते, नैवेद्य करते आणि समाधानाने उठते. मंत्रचळ असलेली बाई दहा वेळा आंघोळ करूनही समाधानी होत नाही. आपण करतोय ते अति आहे हे तिला बहुतेक वेळा कळत असतं, आणि तरी थांबता येत नाही. कातडी सोलवटते, विहिरीवर भांडणं होतात, घरात पाहुणा नको होतो. कधी विचार घाणीचे नसतात, देवाबद्दलचे अभद्र किंवा मुलाला इजा करण्याचे असतात. असे विचार येणाऱ्याला त्यांची किळस येते आणि तो ते कुणालाच सांगू शकत नाही. सांगावेत. डॉक्टरांनी ते शेकडो वेळा ऐकलेले असतात. औषधांबरोबर एक खास सराव करून घेतला जातो: भीतीच्या गोष्टीला थोडं-थोडं सामोरं जायचं आणि हात न धुता थांबायचं. कठीण आहे, पण उपयोगी पडतो.

नीटनेटकेपणाची आवड असलेल्या मुलीला या यातनांची कल्पना असती, तर तिने हा शब्द सहज वापरला नसता.

भास, भ्रम आणि ‘बाहेरचं’

समोर कुणी नसताना आवाज ऐकू येणं, माणूस दिसणं, हा भास. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवलीय, जेवणात विष घातलंय, टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतोय असा पक्का विश्वास, जो कुठल्याही पुराव्याने हलत नाही, तो भ्रम. भास आणि भ्रम यांनी वास्तवाशी असलेली पकड सुटते तेव्हा त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. तापासारखीच ही एक अवस्था आहे, तिच्यामागची कारणं वेगवेगळी. गांजाने होऊ शकते, बायपोलरमध्ये होऊ शकते, मेंदूच्या संसर्गात होऊ शकते आणि स्किझोफ्रेनियात होते.

स्किझोफ्रेनियाबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. एका माणसात दोन व्यक्ती राहणं असा त्याचा अर्थ नाही. आईवडिलांच्या वागण्याने तो होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण ३०० माणसांत एकाला हा आजार असतो, आणि बहुतेकदा तो ऐन तारुण्यात, शिक्षण-नोकरी-लग्नाच्या वयात सुरू होतो. भास आणि संशय लोकांच्या नजरेत येतात, पण त्याच्या आधी कित्येक महिने मुलगा गप्प झालेला असतो, आंघोळ टाळतो, मित्र सोडतो, चेहऱ्यावर काही उमटत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. तोही आजारच असतो. या माणसांची भीती बाळगली जाते, पण बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत, उलट तेच मार खातात, फसवले जातात. आणि आपल्याला काही झालंय हेच रुग्णाला पटत नाही. आजाराची ही जाण नसणं, हेही लक्षणच. त्यामुळे ‘तो स्वतःहून तयार झाला की नेऊ’ ही वाट बघणं व्यर्थ आहे.

आता भगताकडे जाण्याबद्दल. गावदेवाला गाऱ्हाणं घालणं, कौल लावणं याने घाबरलेल्या घराला धीर येतो, आणि तो धीर मी कमी लेखणार नाही. शिमग्यात किंवा जागरात अंगात येणं, जे ठरल्या वेळी येतं, ठरल्या विधीत येतं आणि उतरतं, त्याला जगभर वापरली जाणारी आजारांची वर्गवारीही विकार म्हणत नाही. मात्र तेच इच्छेविरुद्ध, वेळीअवेळी, त्रास देत येऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवावं. आणि सायकोसिसमध्ये देवाचं आधी, डॉक्टरांचं नंतर, हा क्रम महाग पडतो. उपचारांविना जितका काळ जातो तितकं बरं होणं अवघड होतं. गाऱ्हाणं आणि गोळी एकाच दिवशी सुरू करता येतात.

मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं याला मात्र कसलीही सूट नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे.

एका रात्रीत बरळायला लागलेले आजोबा

हा भाग छोटा आहे, पण जीव वाचवणारा आहे. कालपर्यंत व्यवस्थित असलेलं म्हातारं माणूस एका-दोन दिवसांत बरळू लागलं, माणसं ओळखेना, दिवसा झोपून रात्री उठून बसू लागलं, तर ते वेडही नाही आणि भुताटकीही नाही. त्याला डेलिरियम म्हणतात. मागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर कमी-जास्त होणं, नवीन सुरू झालेलं औषध असं काहीतरी असतं. ताबडतोब रुग्णालय गाठावं. कारण सापडलं की बहुतेकदा माणूस पूर्ववत होतो.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, याच्या उलट हळू येतो, महिन्यांनी-वर्षांनी. नुकतं जेवण झालेलं विसरणं, देवळातून घरी येताना वाट चुकणं, सुनेने पैसे चोरले असा आळ. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. मुलं मुंबईत आणि घरात दोघं म्हातारी, अशा घरांत तो फार उशिरा लक्षात येतो, कारण आजी विसरते ते आजोबा सांभाळून घेतात.

दारूचंही इथेच सांगतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली, मग ती घरच्यांनी कोंडून ठेवल्यामुळे असो किंवा दुसऱ्या आजारासाठी रुग्णालयात भरती झाल्यामुळे, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत थरथर, घाम, अंगावर किडे चढल्याचे भास सुरू होऊ शकतात. यात जीव जाऊ शकतो. दारू सोडवायची असेल तर डॉक्टरांना सांगून, औषधाच्या आधाराने सोडवावी. मुलगा पितो हे लाजेने लपवू नका.

‘रक्ताची तपासणी नाही, मग आजार कशावरून?’

शंका रास्त आहे. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची किंवा एक्स-रेची तपासणी आज नाही. तपासण्या करतात त्या दुसरी कारणं वगळण्यासाठी. निदान होतं ते रुग्णाशी बोलून, त्याचं वागणं पाहून आणि घरच्यांकडून इतिहास ऐकून. म्हणून पहिल्या भेटीत लिहिलेलं नाव तिसऱ्या भेटीत बदलू शकतं. आज नैराश्य दिसतं आणि दोन वर्षांनी मेनिया आला की निदान बायपोलर होतं. जास्त माहिती आली म्हणून नाव बदललं, डॉक्टर फसवतायत असा त्याचा अर्थ काढू नये.

‘या गोळ्यांची सवय लागते’

सगळ्या गोळ्यांना एका माळेत ओवल्याने हा समज झालाय. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारख्या शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय खरोखर लागते. म्हणून त्या शक्यतो थोड्या काळासाठी देतात, आणि मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर परत-परत आणू नयेत. बऱ्याच दिवसांपासून चालू असतील तर एकदम बंदही करू नयेत. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटीन ही नैराश्याची औषधं वेगळी. त्यांची तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते. नेमकं याच आठवड्यात लोक ‘सोसत नाही’ म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितका काळ घ्यायची असतात, आणि थांबवताना हळूहळू उतरवायची असतात.

विजेच्या शॉकबद्दलही थोडं. सिनेमात दाखवतात तसा शॉक, भूल न देता, आज कायद्याने बंद आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच तो देता येतो. तीव्र नैराश्यात, रुग्णाने अन्नपाणी सोडलेलं असताना, तो जीव वाचवतो.

‘आमच्या आजोबांच्या वेळी असलं काही नव्हतं’

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. आजोबांच्या वेळीही आजार होते, माणसं मात्र मागच्या पडवीत ठेवली जायची.

‘मरायचं विचारलं तर डोक्यात भरेल’

भरत नाही. ‘जीव नकोसा वाटतोय का? स्वतःचं काही बरंवाईट करायचे विचार येतात का?’ असं सरळ, शांतपणे विचारल्याने तो विचार नव्याने रुजत नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि औषधांचा साठा दूर करा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी करू नका. २०१७चा कायदा असं मानतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

कुठे जायचं, काय न्यायचं

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते निदान करतात, औषध लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, सीबीटीसारखे उपचार करतात, पण औषध लिहून देत नाहीत. समुपदेशक ताणतणाव, नातेसंबंध, व्यसन यांत बोलून मदत करतात. भास-भ्रम, मेनिया किंवा मरणाचे विचार असतील तर समुपदेशकावर न थांबता थेट मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

कोकणात अंतर ही खरी अडचण आहे. मंडणगडहून रत्नागिरी किंवा दोडामार्गाहून ओरोस म्हणजे अख्खा दिवस आणि एक मजुरी गेली. म्हणून आधी फोन करावा. टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं, आणि रुग्ण तयार नसेल तर घरच्यांनाही सल्ला विचारता येतो. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या वारी असते ते आधी विचारून निघावं.

लग्न जमताना कळेल म्हणून बरीच घरं केसपेपरच करायला घाबरतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे. वाडीतल्यांपासून लपेल की नाही ते सांगता येणार नाही, पण उपचार घेऊन कामाला लागलेला मुलगा आणि उपचारांविना माजघरात बसलेला मुलगा, यांतल्या कुणाचं लग्न जमणं अवघड, हे आईवडिलांना कळतं.

जाताना केसपेपरवरचे हे शब्द पाठ करून जायची गरज नाही. आपल्या बोलीत सांगावं: त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काय घडलं, झोप किती, जेवण किती, काय बोलतो, काय करायचा आणि आता काय करत नाही, दारू-गांजा आहे का, घराण्यात आणखी कुणाला होतं का, आधी कुठली औषधं झाली. रुग्णासोबत राहणारं माणूस बरोबर असावं, नुसता गाडीची सोय केलेला शेजारी नको. जुन्या गोळ्यांची पाकिटं, रिपोर्ट आणि चालू असलेली बाकीची औषधं एका पिशवीत घालून न्यावीत, भगताने किंवा वैद्याने दिलेलं काही पोटात जात असेल तर तेही.